डेल्फ्टची चित्रित मृत्तिकापात्रे : अनुकरण आणि स्वतंत्र नक्षीपरंपरा

प्रस्तावना :
नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात सतराव्या व अठराव्या शतकांत तयार झालेल्या निळ्या-पांढऱ्या भोजनपात्रांना ‘चिनी पोर्सिलेनची स्वस्त नक्कल’ म्हटले जाते. हे वर्णन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
कथिलयुक्त झिलईचे तंत्र इटलीतून अँटवर्पला आणि १५८५ मध्ये ते शहर स्पेनच्या हाती गेल्यावर स्थलांतरित कारागिरांबरोबर उत्तरेकडे आले. डचांनी १६०३ मध्ये पकडलेल्या ‘सांता कातारिना’ या पोर्तुगीज जहाजावरील मालाच्या लिलावानंतर चिनी पोर्सिलेनची मागणी वाढली. पुढे १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली आणि चीनमधील अशांततेमुळे पुरवठा विस्कळीत झाला. ही उणीव डेल्फ्टच्या कुंभारांनी भरून काढली. त्यांपैकी अनेकांनी शहरातील बंद पडलेल्या मद्यनिर्मितीच्या इमारतींत भट्ट्या उभारल्या.

तंत्र आणि नक्षी :
पोर्सिलेनसाठी लागणारी केओलिन माती त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे साध्या मातीचे भांडे प्रथम भाजून ते शिसे व कथिल असलेल्या झिलईत बुडवीत. वाळलेल्या पांढऱ्या थरावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढून भांडे पुन्हा भाजले जाई. हा थर टीपकागदाप्रमाणे रंग शोषून घेत असल्याने कुंचल्याची चुकलेली रेघ पुसता येत नसे. म्हणून आपल्याकडील रांगोळीच्या कागदाप्रमाणे छिद्रे पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून आराखडा उमटवीत, मग गडद बाह्यरेषा काढून आतील भाग फिकट निळ्या रंगाने भरीत. आराखडा समान असला तरी प्रत्येक ताटलीवरील रेषेचा जोर चित्रकाराच्या हातानुसार बदलत असे.

विषयांतही असेच परिवर्तन झाले. आरंभी वान्ली काळातील चिनी ताटल्यांप्रमाणे काठावर चौकटींची योजना दिसते. कालांतराने त्याच पात्रांवर बायबलमधील प्रसंग, जहाजे आणि डच निसर्गदृश्ये आली. अठराव्या शतकातील ‘मयूर’ नक्षी याचे उत्तम उदाहरण होय. तिच्यात मोर नसतो. पंख्यासारखी पसरलेली फुले मोरपिसाऱ्याचा भास निर्माण करतात. जलद व पुनःपुन्हा रेखाटता येईल असे हे रूप चिनी मूळ नमुन्यापासून बरेच दूर गेलेले आहे.

ऱ्हास :
कथिलयुक्त झिलईचे कपचे सहज उडत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील पातळ व टिकाऊ मलईरंगी भांडी बाजारात आल्यावर डेल्फ्टचे कारखाने बंद पडत गेले. १६५३ मध्ये स्थापन झालेला ‘द पोर्सेलेन फ्लेस’ हा एकच जुना कारखाना आजवर टिकून आहे.

समारोप :
सारांश, डेल्फ्टची प्रेरणा परकीय असली तरी तिचे रूप स्थानिक माती, झिलई आणि हात यांनी निश्चित केले. नक्षीचा अभ्यास करताना ‘हे कोठून आले’ या प्रश्नाइतकाच ‘हे कसे काढले’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. केवळ पहिल्याच प्रश्नावर थांबल्यास कारागिराचे कर्तृत्व इतिहासातून वगळले जाते.