पी.टी.च्या सरांचा राजीनामा

सोलापुरातल्या एखाद्या अकादमीचं बोलावणं आलं, की होटगीसारख्या गावातल्या हायस्कुलात खो-खोचा नाहीतर कबड्डीचा संघ बांधणाऱ्या सरांना सल्ले द्यायला सगळे पुढे होतात. स्टाफरूममध्ये ऐकू येतं, ‘सरकारी नोकरी कुणी सोडतं का?’ घरचे म्हणतात, पैसे जास्त देत असतील तर जा. माजी विद्यार्थी म्हणतात, सर, तुम्ही गेलात की संघ संपला. सल्ले मनापासूनचे असतात, पण तिन्हींच्या मुळाशी चुकीची माहिती असते.

आधी ‘सरकारी’ नोकरीचं पाहू. अनुदानित शाळेचा पगार शासन देतं, शालार्थ आयडी असतो, बिल वेतन पथकाकडून निघतं. त्यामुळे नोकरी सरकारी वाटते. पण नेमणूक संस्थेने दिलेली असते, शिक्षणाधिकारी तिला मान्यता देतात आणि सेवेच्या अटी ठरतात त्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७च्या अधिनियमाने व १९८१च्या नियमावलीने. म्हणून ‘दुसऱ्या संस्थेत बदली करून घेतो’ हे वाक्य बोलायला सोपं असलं तरी नियमात बसत नाही. बदली होते ती त्याच संस्थेच्या शाळांमध्ये. दुसऱ्या संस्थेत जायचं तर इथला राजीनामा आणि तिथली नवी नेमणूक. उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच पसरलेला आहे: विनाअनुदानित शाळेला हा कायदा लागू नाही. तो लागू आहे. मान्यताप्राप्त खाजगी शाळेला अनुदान मिळतं की नाही, यावर त्याचं लागू होणं अवलंबून नाही. मात्र तो महाराष्ट्राचा कायदा आहे. होटगी जंक्शनवरून विजयपूरची गाडी पकडून कर्नाटकातल्या शाळेत रुजू झालात, तर त्याचं संरक्षण हद्दीवरच थांबतं.

‘नाही जमलं तर परत येऊ’ हा मला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वाटतो. अनुदानित शाळेत परत यायचं तर २०१७ पासून वाट शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जाते. त्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि ती दरवर्षी होत नाही. पहिली झाली २०१७ साली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. मधल्या काळात वय वाढत राहतं. चाचणीतून निवड झाली तरी नव्याने लागणारा माणूस आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो आणि माध्यमिकसाठी जानेवारी २०२३ पासून मानधन आहे महिना १८,००० रुपये. सातव्या वेतन आयोगात प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाची वेतनश्रेणी मूळ ३८,६०० पासून सुरू होते. म्हणून ‘पगार किती वाढतोय’ एवढंच विचारून भागत नाही. परतायची वेळ आली तर कुठून सुरुवात करावी लागेल, हेही त्याच कागदावर मांडायला हवं.

निवृत्तिवेतनाबाबत दोन गट पडतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी योजना आहे आणि निवृत्तिवेतनाच्या १९८२च्या नियमांप्रमाणे साधा राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते. दुसऱ्या पात्र नेमणुकीसाठी रीतसर परवानगीने दिलेला राजीनामा वेगळा धरतात. ‘योग्य मार्गाने अर्ज करा’ असं जुने हेडक्लार्क बजावतात ते उगाच नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्यांचं खातं मात्र नोकरी बदलली तरी त्याच क्रमांकाने पुढे चालतं.

आता राजीनाम्याकडे. तोंडी सांगून, नाहीतर मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद ठेवून राजीनामा होतो, असं समजणारे बरेच आहेत. अधिनियमाच्या सातव्या कलमात रीत स्पष्ट लिहिली आहे: पत्राच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने, दुसरी स्वतःजवळ. (२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्यामुळे काउंटरवर नोंदणीची सोय मागून घ्यावी.) ही रीत शिक्षकाच्याच भल्याची आहे. नेमणुकीच्या वेळी घेतलेला सहीचा कोरा कागद पुढे राजीनामा म्हणून निघू नये, यासाठी तिचा उपयोग होतो. जबरदस्तीने घरी बसवलंच, तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, न्यायाधिकरण सोलापुरातही आहे.

नोटिशीची मुदत ‘एक महिना’ असं सर्रास सांगतात. ती कायम नसलेल्यांसाठी. कायम शिक्षकाला तीन पूर्ण महिने. लवकर जायचं असेल आणि संस्था तयार असेल, तर तेवढ्या काळाचं मूळ वेतन भरावं लागतं. संस्थेने ते न घेताच सोडलं, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. त्यामुळे ‘अध्यक्षसाहेब आपलेच आहेत’ यावर फार विसंबू नये. ही मुदत सांगणाऱ्या १९८१च्या नियमावलीतल्या नियम ४०मध्येच आणखी दोन अटी आहेत आणि अनेकांना त्या अकादमीला होकार कळवल्यावर समजतात. दिवाळीच्या वा उन्हाळी सुट्टीत नोटीस देता येत नाही आणि नोटिशीच्या काळात अशा सुट्टीचा एकही दिवस येऊन चालत नाही. शिवाय पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर नोटीस देता येत नाही.

कॅलेंडर घेऊन बसा. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत दार बंद. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरचा मध्य, आणि दिवाळीची सुट्टी उंबरठ्यावर. २०२६ सारख्या अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते, तेव्हा आणखी थोडे दिवस मिळतात. दुसरी संधी दिवाळीनंतर शाळा भरल्यापासून जानेवारीअखेरच्या आसपासपर्यंत, म्हणजे मुदत उन्हाळी सुट्टीच्या आत संपते. ही मुदत संपेपर्यंत शालेय स्पर्धांचा हंगाम बहुतेक आटोपलेला असल्याने मुलांच्या दृष्टीनेही हीच दुसरी संधी बरी.

पात्रतेबद्दल थोडक्यात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका प्रशिक्षकाच्या कामाला वजन देते, पण शाळेतल्या शिक्षकपदासाठी ती बी.पी.एड.ची जागा घेत नाही. शासकीय नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण खेळाडूंना आहे. खेळाडू घडवणाऱ्या सरांना ते मिळत नाही.

राहिला संघ. चौदा, सतरा, एकोणीस अशा वयोगटांत खेळणारा संघ तसाही दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्यापर्यंतच्या शालेय स्पर्धांत मुलगा खेळतो तो आपल्या शाळेच्या नावाने, मुख्याध्यापकांच्या सहीच्या प्रवेशिकेवर. म्हणजे सर अकादमीत गेले तरी सकाळी त्याच मुलांचा सराव घेऊ शकतात, आणि अकादमीने कितीही म्हटलं तरी शालेय स्पर्धेत तिला स्वतःचा संघ उतरवता येत नाही. तिथल्या कराराआधी हे दोन्ही मुद्दे बोलून घ्यावेत.

मुलांचं खरं नुकसान वेगळ्या ठिकाणी होऊ शकतं. सर गेल्यावर ते पद पुन्हा भरलं जाईल का, हे संचमान्यतेवर, म्हणजे पटावरून मंजूर होणाऱ्या पदसंख्येवर ठरतं, आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशकाचीच तरतूद आहे, तीही पट शंभरच्या वर असेल तर. म्हणून राजीनाम्याआधी मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न एकच: यंदाच्या संचमान्यतेत माझं पद कुठे दाखवलं आहे? ते अतिरिक्त ठरण्याच्या काठावर असेल, तर ‘सुरक्षित नोकरी सोडतोय’ ही समजूतही त्या तक्त्यावर तपासून घेतलेली बरी.