एका दांड्याची दोन कामं

नवखा माणूस जुन्या येझदी मोटरसायकलवर बसला की आधी किक शोधतो. ती दिसत नाही, कारण वेगळी किक नसतेच. डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबून मागे वर फिरवला, की त्याचीच किक होते. इंजिन फटफटायला लागलं की दांडा पुन्हा पुढे आणायचा. तो परत गिअर झालेला असतो. गिअर बदलताना हाच दांडा आतून क्लचही सैल करतो. मोटरसायकल हलकी कशी करावी याचा पहिला धडा म्हैसूरच्या यादवगिरीत घडलेल्या या दांड्यात आहे.

रुस्तुम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर १९६१ मध्ये इथे जावा बनवायला सुरुवात केली. पुढे १९७३ पासून गाडीला येझदी हे नाव मिळालं आणि १९७८ मध्ये रोडकिंग आली. सुमारे २५० सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो आणि मिटतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, म्हणून बहुतेक मॉडेलांना ऑइलचा पंपही नाही. पिस्टनही दोन कामं करतो, पेट्रोलही.

बाकीची गाडी मात्र भक्कम पोलादाची. जाड मडगार्ड, चेन पूर्ण झाकणारं कव्हर, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा ही गाडी घेऊन उतरणाऱ्यांना याच पोलादाशी झुंजावं लागे.

वजन उतरवण्याचा हिशेब सोपा आहे. समजा गाडी १४० किलोची आणि स्वार ७० किलोचा. गाडीतून २० किलो उतरवले, तर २१० चे १९० होतात. तेवढाच जोर इंजिनातून मिळवायचा तर ताकद दहा टक्क्यांहून जास्त वाढवावी लागेल. शिवाय हलकी गाडी ब्रेकला लवकर थांबते आणि वळणावर लवकर कलते. वाढीव ताकदीतून हे मिळत नाही.

सुरुवात फुकटच्या कामाने होते: स्टँड, हॉर्न, दिवे, मागचं सीट, कॅरिअर. मग बॅटरीकडे हात जातो आणि तिथे थांबावं लागतं. जुन्या जावाची ठिणगी बॅटरी-कॉइलवर चालते. बॅटरी उचलली की ठिणगी गेली. आधी इग्निशन बदला, मग बॅटरी काढा. सायलेन्सरचंही तसंच. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टच्या नळीतून परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरात धरून ठेवते. नळी नुसती कापली तर वजन घटतं, पण जोरही जातो.

चाकांतून घटलेलं वजन सर्वात मोलाचं. रिम पुढे धावते आणि गरगर फिरतेही, म्हणून तिला वेग द्यायला दुहेरी कष्ट पडतात. शिवाय ती स्प्रिंगच्या खाली असल्याने खड्ड्यातला प्रत्येक दणका तिच्या वजनासकट वर येतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. पण ते तेवढं ताठ नाही, म्हणून भाग जाड घ्यावा लागतो आणि बचत तितकी उरत नाही. स्प्रॉकेटला भोकं पाडायची तर कडा कानसीने गोल कराव्याच लागतात, कारण तडा धारदार कडेपासून सुरू होतो. ब्रेकचा आधार आणि मागचा स्विंगआर्म यांना ड्रिल लावू नये. कोणता भाग काय सोसतो हे ज्याला कळतं, त्यानेच तो हलका करावा.

यादवगिरीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. शंभर सीसीच्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी धाटणीच्या गाड्यांनी बाजार आधीच व्यापला होता. तरी म्हैसूर-बंगळूरपासून पुण्यापर्यंत जुन्या येझद्या आजही रस्त्यावर दिसतात, त्या शर्यतवाल्यांनी उतरवलेल्या त्याच जाड पोलादाच्या जोरावर. रस्त्यावर ते पोलाद आयुष्य देत होतं, धावपट्टीवर ते ओझं होतं.

धावत ढकलून सुरू होणाऱ्या शर्यतीसाठी इतर गाड्यांची किक काढून ठेवता येते. येझदीची काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही. गिअरचा दांडा तर हवाच; किकचं ओझं त्याने आधीच उचललेलं आहे.