अंगठ्याचा पट्टा घेण्याआधी दुखतंय कुठं ते बघा

आमच्या वस्तीतली एक ताई चार घरची धुणीभांडी करते. मागच्या महिन्यात मनगटाला काळा पट्टा बांधून माझ्याकडे आली. सर्जिकलच्या दुकानात जाऊन ‘हात दुखतो’ म्हणाली, त्यानं पट्टा काढून दिला. पंधरा दिवस बांधला, पण दुखणं तसूभर कमी नाही. मी बघितलं तर मनगट करकचून आवळलेलं आणि अंगठा मोकळा! दुखत होता अंगठा. फडकी पिळताना तोच ओढला जात होता. दोन दिवसांची कमाई मात्र त्या पट्ट्यात गेली.

दुकानदार माल विकायला बसलाय. तपासणं आपल्याकडे आलं.

दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबून बघा. मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतंय का? तवा उचलताना, बाळ घेताना, कपडे पिळताना कळ येते का? अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. तिथंच झणकन कळ आली, तर अंगठ्याच्या दोऱ्यांना, म्हणजे स्नायूबंधांना, आणि त्यांच्या वेष्टनाला सूज असण्याची शक्यता जास्त. डी क्वेरव्हेन या स्विस सर्जननी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून केसपेपरवर त्यांचं नाव लिहिलेलं दिसेल. बाळंतिणींना हे फार होतं. बाळाच्या काखेत अंगठे घालून दिवसातून कितीदा तरी उचलायचं, दुसरं काय होणार? बाळाच्या बुडाखाली आणि मानेखाली तळहात घालून उचला.

या दुखण्याला लांब पट्टा लागतो. दुकानात त्याला ‘थंब स्पायका’ म्हणतात. तो मनगटाच्या वरपासून सुरू होतो आणि मनगट व अंगठ्याचं बूड दोन्ही धरतो. अंगठ्याचं टोकाचं पेर मोकळं राहायला हवं. साधारण तीन-चार आठवडे वापरायचा. अंघोळीला काढायचा, तेव्हा अंगठा हळूहळू हलवून घ्यायचा, नाहीतर आखडतो. तेवढ्यानं उतार पडला नाही तर डॉक्टर तिथं इंजेक्शन देतात, त्याला घाबरू नका. साखरेचा आजार असेल तर आधी सांगा, त्यानं काही दिवस साखर वाढते.

दुखणं मनगटावर नसून तळहाताच्या गुबगुबीत भागाच्या बुडाशी असेल, किल्ली फिरवताना किंवा डब्याचं झाकण उघडताना जाणवत असेल आणि वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढं असेल, तर बहुतेक तिथला सांधा झिजलाय. इथं आखूड पट्टा पुरतो. तो अंगठ्याचं बूड धरतो, मनगट मोकळं सोडतो, त्यामुळं काम करता येतं. तो कामाच्या वेळी घालायचा. झिजलेला सांधा त्यानं भरून येत नाही, पण कळ कमी होते.

अंगठा वाकवला की अडकतो आणि ‘कट’ आवाज करून सुटतो, हे तिसरंच दुखणं. त्याला अंगठा वाकू न देणारी छोटी पट्टी लागते, बहुतेकदा रात्री. मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं, तेव्हा साखर तपासून घ्या. आणि रात्री अंगठ्यासह पहिल्या तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर ती मनगटात दबलेली शीर. त्या ताईचा काळा पट्टा खरं तर तिच्यासाठी होता!

दुकानात पट्टा घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डावा-उजवा वेगळा असतो. घरून मनगटाचं माप घेऊन जा. बांधल्यावर नखं निळी पडली, बोटं बधिर झाली, तर तो घट्ट आहे. ओला पट्टा अंगावर ठेवला की कातडी पांढरी पडून सोलते. पाण्याच्या कामावेळी काढून ठेवा, किंवा धुवून सावलीत वाळवा.

मुंबईत केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहेत. अशा विभागात खास प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून आपल्या हातावरच पट्टा घडवता येतो. बाहेरगावी जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात विचारा. ओपीडीत डॉक्टर नुसती गोळी लिहून देत असतील तर ‘पट्ट्यासाठी चिठ्ठी द्या’ असं स्पष्ट म्हणा. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलंय.

हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर पट्ट्यानं झाकू नका. तिथल्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर आठ-दहा दिवसांनी परत दाखवा. लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी जा. आणि शीर उतरवून देतो म्हणणाऱ्याकडून सुजलेला अंगठा ओढून घेऊ नका.

त्या ताईला आता लांब पट्टा मिळालाय. फडकं हातानं पिळण्याऐवजी नळाला वेढा घालून पीळ द्यायचा, हे तिला दाखवलं. चारपैकी तीन घरांनी दांड्याचा पोछा आणून दिला. चौथ्या घरच्या बाई म्हणतात, दांड्यानं कोपरे निघत नाहीत. त्यांच्याशी बोलायला या रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत.