पुन्हा जुळेल असा रंग

जुनी मोटारसायकल मोडीतून उचलून पुन्हा उभी करताना इंजिनाबद्दल फारसा वाद होत नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांची मापे ठरलेली असतात. मापात बसले तर ठेवायचे, नाही तर बदलायचे. रंगाला असे माप नाही. म्हणून तो सर्वांत शेवटी ठरतो आणि बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या देखण्या छायाचित्रावरून ठरतो. ते छायाचित्र दिव्यांच्या उजेडात, नुकत्याच पुसलेल्या गाडीचे असते. आपली गाडी मात्र एमएच-२२ ची पाटी लावून परभणी-जिंतूर रस्त्यावर, मानवतच्या कापूस बाजारात, गंगाखेडला गोदावरीच्या काठावर उन्हात उभी राहणार असते. राजदूत असो, येझदी असो, आरएक्स १०० असो की बुलेट, जिल्ह्याच्या गावात गाडीचा रंग निवडताना सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहावी असे मला ठामपणे वाटते: पाच वर्षांनी टाकीचा टवका उडाला, तर तो रंग इथेच, याच गावातल्या कारागिराला पुन्हा जुळवता येईल का? शोभेचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम पाळला तर शोभाही जास्त टिकते.

यामागचे पहिले कारण रंग वाळतो कसा यात आहे. मोटारसायकलच्या कारखान्यात टाकी आणि पत्र्याचे भाग सुटे असतानाच रंगवले जातात. रबर, वायर, सीट काहीच बसवलेले नसते, म्हणून ते भाग भट्टीत सव्वाशे-दीडशे अंशांवर भाजता येतात. परभणीहून सुमारे दोनशे किलोमीटरवर वाळूजला बजाजचा मोठा कारखाना आहे. तिथून बाहेर पडणारी चकाकी गावातल्या गॅरेजात जशीच्या तशी उतरणार नाही, कारण इथे भट्टीच नाही. पूर्वी इथे नायट्रोसेल्युलोजचा रंग चाले, ज्याला कारागीर आजही ड्युको म्हणतात. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने १९२०च्या दशकात तो मोटारींसाठी आणला आणि आठवड्यांचे वाळवण तासांवर आले. पण तो केवळ थिनर उडून वाळतो, थिनर लागला की पुन्हा विरघळतो आणि टाकीच्या तोंडाशी वारंवार पेट्रोल सांडले की त्याचा तुकतुकीतपणा जातो. आता पीयू रंग सर्वत्र मिळतो. त्यात ठरलेल्या प्रमाणात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रियेनेच तो घट्ट होतो, भट्टी लागत नाही. भट्टीविना पेट्रोलला आणि उन्हाला टिकणारा थर गावात देता येतो तो याच्यामुळे. म्हणजे कारखान्याचा रंग आणि गावचा रंग या मुळात दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीला पहिलीची नक्कल करायला लावण्यापेक्षा तिचे जे बळ आहे त्यावर योजना उभारावी.

आता छटांच्या जातींकडे पाहू. साधा, अपारदर्शक रंग, ज्याला दुकानात सॉलिड म्हणतात, तो दोन-तीन हात दिले की स्वतःच्या बळावर झाकतो. त्यावर ओरखडा गेला तर तेवढ्या भागात लांबी भरून, वॉटर पेपरने घासून, टचिंग करून वर लॅकर मारता येतो आणि निष्णात हाताचे काम चटकन ओळखू येत नाही. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते थरात आडवे पडतात की तिरपे, हे स्प्रे गनच्या दाबावर, अंतरावर, थिनरच्या प्रमाणावर आणि त्या दिवशीच्या हवेवरही ठरते. म्हणून डबा तोच असला तरी दुसऱ्या दिवशी मारलेला पट्टा समोरून जुळतो आणि बाजूने वेगळा दिसतो. मोतिया रंगात अभ्रकाचे लेपित कण असतात आणि त्यांचा थर खालच्या रंगावर अवलंबून असतो. तिथे जुळणी आणखी अवघड. सर्वांत मोहक आणि सर्वांत दुरापास्त तो कँडी. सोनेरी किंवा रुपेरी थरावर पारदर्शक रंगाचे हात देत जायचे. प्रत्येक हाताने छटा गडद होते. टाकीला पाच हात आणि साइड कव्हरला सहा पडले तर दोन्ही एका गाडीचे वाटत नाहीत. एका ठिकाणी टवका उडाला तर तेवढाच भाग दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य. अख्खी टाकी परत रंगवावी लागते. शिवाय पारदर्शकतेसाठी वापरलेली अनेक रंगद्रव्ये उन्हाला हळवी असतात. कँडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्या गाडीला रोज रस्त्यावर यायचे नाही, तिच्यावर ते काम खुलते. पण रोजच्या गाडीवर कँडी घेणाऱ्याने आपण दर अपघाताला पूर्ण रंगकामाचा खर्च मान्य करतो आहोत, हे आधीच समजून घ्यावे.

दुसरे कारण इथल्या ऊन-मातीचे. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळीस अंशांच्या वर राहतो आणि उन्हात उभ्या काळ्या टाकीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. ऊन रंगाचे दोन प्रकारे नुकसान करते: अतिनील किरण रंगद्रव्याचा रंग खातात आणि वरच्या लॅकरचा बांध सैल करतात. काळ्या रंगातले काजळीचे द्रव्य, पांढऱ्यातले टायटॅनियम डायऑक्साइड, विटकरी आणि तपकिरी छटांमधले लोहाचे ऑक्साइड ही द्रव्ये उन्हाला फार दाद देत नाहीत. स्वस्त, भडक लाल मात्र काही वर्षांत गुलाबट पडतो. तेव्हा लाल हवाच असेल तर मरून, विटकरी याकडे झुकलेला घ्यावा, किंवा चांगल्या द्रव्याचे पैसे मोजून वर अतिनील-रोधक लॅकर मारून घ्यावा. काळ्याचे द्रव्य टिकाऊ खरे, पण त्यावर प्रत्येक बारीक ओरखडा आणि धुळीचा प्रत्येक कण उठून दिसतो. मॅट रंगाची फॅशन आहे. त्याची अडचण अशी की ओरखडा पॉलिश करून काढता येत नाही, कारण पॉलिश केलेली जागा चकाकते आणि डाग पडल्यासारखी दिसते.

मातीचा मुद्दा तर रंगाच्या चर्चेत कुणी आणतच नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परभणीची काळी माती पाणी धरून ठेवते. कापूस, ज्वारी त्यावरच पिकते. पावसाळ्यात हीच माती चाकाबरोबर उडून मडगार्डच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वरून वाळली तरी पत्र्याला लागून ओलसर राहते. बाहेरून देखणी असलेली मडगार्डे आतून गंजत येतात आणि एक दिवस रंगाला फुगे येतात ते यामुळे. रंगकामाचे पैसे मोजताना आतल्या बाजूला गंज काढून चांगला प्रायमर आणि जाड थर दिला आहे का, हे पाहणे बाहेरच्या छटेइतकेच मोलाचे. चेसिसला पावडर कोटिंग करून घेणे चांगले, पण त्यासाठी ती भट्टीत सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवावी लागते. वेल्डिंग, सरळ करणे, नवे ब्रॅकेट लावणे हे सारे त्याआधी संपले पाहिजे. नंतर वेल्डिंग केले तर तेवढा भाग जळून उघडा पडतो.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्या गाड्या काळ्या, पांढऱ्या नि विटकरी करायच्या? मग ‘आपली गाडी’ कुठे राहिली? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर जुन्या गाड्यांनीच देऊन ठेवले आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, १९६०च्या दशकात रस्त्यावर आलेली जावा आठवा: मरून रंग, टाकीच्या बाजूला क्रोमचा भाग, सोनेरी बारीक रेघ. मद्रासची बुलेट: काळी, आणि टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, ज्या आजही रॉयल एनफील्डच्या कारखान्यात कारागीर ब्रशने ओढतात. या गाड्यांचे देखणेपण मोजक्या साध्या रंगांतून आणि त्या रंगांच्या वाटपातून आले आहे. वैयक्तिकपणा आणण्याची खरी जागा हीच आहे. रंग कुठे थांबतो, रेघ काठापासून किती आत येते, ती टाकीच्या गोलाईबरोबर वळते की तिला छेदते, यावर गाडीचे रूप बदलते. जाडजूड टाकीचा खालचा भाग गडद आणि वरचा फिकट ठेवला तर तिची उंची कमी भासते. लहान टाकीला एकच रंग आणि काठाजवळून एक रेघ पुरते. पुन्हा उभारलेल्या गाडीत तर हे फारच उपयोगी पडते, कारण टाकी एका गाडीची, मडगार्ड दुसऱ्या मॉडेलचे, साइड कव्हर नवे बनवलेले असे मिश्रण असते. तिन्हीवर त्याच जाडीची, त्याच रंगाची रेघ फिरली की ते भाग एका घरचे वाटू लागतात. आणि ही रेघ ओढणारा हात अजून तालुक्याच्या गावांत आहे. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फळ्या रंगवणाऱ्या पेंटरांचे बरेचसे काम फ्लेक्सने नेले, पण लांब केसांच्या ब्रशने न थरथरता रेघ ओढण्याचे कसब त्यांच्यापाशी आहे. त्यांना हे काम द्यावे असे मला मनापासून वाटते. रेघ पुसली गेली तर तोच हात ती पुन्हा ओढू शकतो.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो: नवी योजना कशाला, कंपनीचा मूळ रंगच द्या. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीबद्दल मी हे पूर्ण मान्य करतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी अशा वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे; चेसिस किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा ही त्यातली अट आहे. १९७३ मध्ये ‘येझदी’ नावाने निघालेल्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत; त्यांवर हौशी प्रयोग करणे म्हणजे एक साक्षीदार गमावणे. अशा गाडीची खरी छटा शोधायची ती बाहेरच्या पत्र्यावर नव्हे. टाकीवरचा बिल्ला काढला की त्याच्या खाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत, सीटखाली उन्हाने न स्पर्शलेला रंग सापडतो आणि रंगाच्या दुकानात तोच दाखवावा. पण ज्या गाडीत निम्मे भाग इकडचे-तिकडचे आहेत, तिला ‘मूळ’ रंग देऊन नवे काही सिद्ध होत नाही. तिथे मालकाने स्वतःची योजना करणे अधिक प्रामाणिक.

तिसरा आक्षेप रेडियमवाल्याकडून येतो: रंग कशाला, विनाइल चिकटवून टाका, कंटाळा आला की काढून दुसरे लावा. खर्चाच्या दृष्टीने हे खोटे नाही. पण उन्हात विनाइल आक्रसते, कडा उचलतात, कडांत धूळ बसते आणि गोंद इतका कडक होतो की काढताना खालचा लॅकर सोबत येऊ शकतो. नुकत्याच मारलेल्या रंगावर तर ते लावूच नये. आतला थिनर पूर्ण उडायच्या आत झाकला गेला तर पुढे फुगे येतात. रेडियमचा उत्तम उपयोग आधीच्या टप्प्यावर आहे. रेघेची जागा, जाडी, दोन रंगांची सीमा ठरवताना तात्पुरत्या पट्ट्या लावून गाडी बाहेर उन्हात न्यावी, दहा पावलांवरून पाहावी, मग ठरवावे. छटाही तशीच ठरवावी. शेड कार्डवरचा दोन बोटांचा चौकोन टाकीच्या वक्र पत्र्यावर वेगळा दिसतो, म्हणून वक्र पत्र्याचा एक तुकडा रंगवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहिल्याशिवाय डबा मिसळू नये.

कायद्याची बाजूही रंग ठरण्याआधीच पाहायला हवी. बुलेटला लष्करी हिरवा देण्याची अनेकांना ओढ असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. रॉयल एनफील्डने २०१८ मध्ये क्लासिक ५०० ची ‘पेगासस’ आवृत्ती काढली, तेव्हा जगभरासाठी तपकिरी आणि हिरवा असे दोन रंग होते; भारतासाठी ठेवलेल्या २५० गाड्या मात्र तपकिरीच होत्या. ज्या कंपनीला ही रेषा ओलांडता आली नाही, ती आपण गॅरेजात ओलांडण्यात अर्थ नाही. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा रकाना असतो. काळी गाडी मरून केली तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या तपासणीत, विक्रीत किंवा विम्याच्या दाव्यात तो तपशील अडू शकतो.

रंगाला उत्तम हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात दमट हवेने ड्युकोवर पांढुरकी झाक येते, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी धूळ ओल्या लॅकरवर बसते आणि जमिनीवर कितीही पाणी शिंपडले तरी पूर्ण आवरत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र परभणीचा रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि हार्डनरची क्रिया मंदावते. तेव्हा काम भर दुपारी उरकावे आणि भाग रात्री बंद खोलीत ठेवावेत. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची फवारणी श्वासात जाणे फुप्फुसांना घातक आहे. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क लागतो. ज्याला आपली गाडी सुंदर हवी आहे त्याने त्या मास्कचे पैसे खुशीने द्यावेत. काम संपले की मिक्सिंगचे सूत्र, रंगाची कंपनी आणि लॅकरचा प्रकार कागदावर लिहून घ्यावा, उरलेला रंग हार्डनर न घालता छोट्या घट्ट डब्यात ठेवावा आणि रंगवलेला तो चाचणीचा पत्रा कपाटात अंधारात जपावा. टवका उडेल तेव्हा पेंटरसमोर गाडी आणि तो पत्रा शेजारी ठेवता येतील, आणि मधल्या वर्षांत उन्हाने छटा किती खाल्ली हे त्याला लगेच दिसेल.