तेरा आठवड्यांचा करार : अमेरिकेतील फिरत्या परिचारिकांचा मागोवा

महाराष्ट्रात ‘कंत्राटी परिचारिका’ म्हटले की कायम अधिपरिचारिकेपेक्षा कमी पगार, मुदतवाढीच्या आदेशाची वाट पाहणे आणि रजा-निवृत्तिवेतनाच्या नावाने शून्य, असे चित्र डोळ्यांसमोर येते. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला तो याच भीतीपोटी. अमेरिकेत ज्यांना ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणतात त्यांचा करारही तात्पुरताच असतो, त्यांनाही एजन्सीमार्फतच नेमले जाते, परंतु त्यांच्या हाती पडणारी रक्कम शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या कायम परिचारिकेपेक्षा बहुधा जास्त असते. एकाच प्रकारच्या नेमणुकीला दोन देशांत अशी उलटसुलट किंमत का मिळावी, या प्रश्नाचे उत्तर परिचारिकांच्या कौशल्यात नाही. ते अमेरिकन रुग्णालयांनी गेल्या सुमारे पन्नास वर्षांत मनुष्यबळाचा हिशेब कसा मांडला यात सापडते.

तात्पुरती परिचर्या ही तशी नवी गोष्ट नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेतील बहुसंख्य प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयाच्या नोकरीत नव्हत्याच. वॉर्डांतील कामाचा भार शिकाऊ विद्यार्थिनींवर असे आणि पदविका मिळालेली परिचारिका नोंदणी कार्यालयात नाव घालून श्रीमंत घरांतील रुग्णांच्या उशाशी बसण्याचे काम शोधत असे. १९२९ नंतरच्या महामंदीत खासगी परिचारिका ठेवण्याची ऐपत अनेक घरांना उरली नाही, त्यामुळे या स्त्रिया रुग्णालयांच्या पगारपत्रकावर आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकीय विमा पसरला तशी ‘स्टाफ नर्स’ हीच परिचारिकेची सर्वमान्य ओळख ठरली. म्हणजे कायम नोकरी हा या व्यवसायाचा मूळ स्वभाव मानण्याचे कारण नाही. तो त्याच्या इतिहासातला एक, आणि फार लांब नसलेला, टप्पा आहे.

फिरत्या परिचर्येचा आरंभ सामान्यतः १९७०च्या दशकाच्या अखेरीस, न्यू ऑर्लिन्स शहरातील मार्डी ग्रा या उत्सवाशी जोडला जातो. उत्सवाच्या गर्दीत रुग्णालये भरून जात, त्या काही आठवड्यांपुरत्या परिचारिका बाहेरगावाहून आणल्या गेल्या, आणि हीच युक्ती फ्लोरिडा व ॲरिझोना येथील रुग्णालयांनाही सोयीची वाटली, कारण तेथे उत्तरेकडील थंडी चुकवायला येणाऱ्या वृद्धांमुळे हिवाळ्यात खाटा भरत आणि उन्हाळ्यात रिकाम्या होत. हंगामी गर्दीसाठी हंगामी माणसे, एवढाच तो साधा व्यवहार होता. परंतु ऑक्टोबर १९८३ पासून मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या केंद्रीय विमा योजनेने रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी आजाराच्या गटानुसार आधीच ठरलेली ठोक रक्कम देण्यास सुरुवात केली, आणि गणित बदलले. रुग्णाला लवकर घरी पाठवण्यात फायदा होऊ लागल्याने वॉर्डात उरणारे रुग्ण अधिक गंभीर असत, प्रत्येक खाटेमागे परिचर्येचे काम वाढे, आणि तरीही कायम पदे वाढवण्यास व्यवस्थापन राजी नसे. दशकाच्या उत्तरार्धात परिचारिकांचा मोठा तुटवडा जाणवला तो या पार्श्वभूमीवर, आणि सॅन डिएगो, बॉस्टन यांसारख्या शहरांत निघालेल्या एजन्सींना भरभराटीचे दिवस आले तेही याच काळात. कराराचा प्रमाण काळ तेरा आठवड्यांचा, म्हणजे वर्षाच्या एका तिमाहीइतका, रुळला. तो एका हंगामाला किंवा एखाद्या कर्मचारी स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेला साधारण पुरतो.

या कराराचे प्रत्यक्ष रूप पहिल्याच पाळीत दिसते. कायम नेमणुकीच्या परिचारिकेला नव्या रुग्णालयात काही आठवडे अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली काढता येतात, तर फिरत्या परिचारिकेला बहुधा एखाद-दोन दिवस मिळतात, आणि तेवढ्यात ओळखपत्र, औषधे देणाऱ्या यंत्राचा सांकेतिक क्रमांक, संगणकीय रुग्णनोंदीची पद्धत, आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली कोणत्या कोपऱ्यात असते आणि रात्री डॉक्टरांना कोणत्या क्रमाने उठवायचे, हे सगळे ध्यानात ठेवावे लागते. सकाळी सात वाजता रात्रपाळीच्या परिचारिकेकडून रुग्ण हाती घेताना सलाइनच्या नळ्या, पंपावरील आकडे आणि शेवटच्या मात्रेची वेळ तिला खाटेशेजारी उभे राहून स्वतः ताडून घ्यावी लागते, कारण समोरच्या व्यक्तीच्या सवयी तिला ठाऊक नसतात. बारा तासांच्या अशा तीन पाळ्यांचा, म्हणजे ३६ तासांचा, आठवडा भरतो. त्यातच एखाद्या वॉर्डात माणसे कमी पडली की ‘फ्लोट’ करण्याची, म्हणजे दुसऱ्या वॉर्डात पाठवण्याची, पहिली पाळी फिरत्या परिचारिकेची, असा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. जिला इमारतीची सर्वांत कमी माहिती तिलाच सर्वांत जास्त वॉर्ड पालथे घालावे लागतात, ही विसंगती मात्र व्यवस्थापनाच्या फारशी डोळ्यांवर येत नाही.

बाहेरून आणलेल्या परिचारिकांमुळे रुग्णसेवेचा दर्जा घसरतो, ही समजूत या व्यवस्थेइतकीच जुनी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की तात्पुरत्या परिचारिकांची शैक्षणिक पात्रता कायम परिचारिकांच्या बरोबरीची किंवा अधिकच असते, आणि जेथे अशा परिचारिका जास्त तेथे दिसणाऱ्या उणिवांचे मूळ त्या रुग्णालयातील कामाच्या परिस्थितीत असते. सोप्या भाषेत सांगायचे तर, ज्या रुग्णालयात माणसे टिकत नाहीत तेच बाहेरून माणसे आणते, आणि मग दोष आलेल्यांच्या माथी बसतो.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यातली मोठी अडचण परवान्याची होती, कारण अमेरिकेत परिचर्येचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. २००० मध्ये मेरीलँड, टेक्सस, युटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांपासून परस्परमान्यतेचा करार अमलात आला, ज्यानुसार निवासाच्या राज्याचा एकच परवाना सर्व सदस्य राज्यांत चालतो; १९ जानेवारी २०१८ पासून त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली आणि आता सदस्य राज्ये चाळिसांहून अधिक आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क ही दोन मोठी राज्ये मात्र बाहेरच राहिली.

त्यांपैकी कॅलिफोर्निया ही फिरत्या परिचारिकांची सर्वांत मोठी बाजारपेठ ठरली, याला कायदाच कारणीभूत आहे. १९९९ मध्ये संमत झालेल्या आणि जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या तरतुदींनी एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे ठरवून दिले : अतिदक्षता विभागात दोन, सामान्य वॉर्डात आरंभी सहा आणि २००५ पासून पाच. हे प्रमाण जेवणाच्या सुट्टीतही पाळावे लागते, त्यामुळे एक परिचारिका आजारी पडली तरी तिच्या जागी दुसरी उभी करण्यावाचून गत्यंतर नसते. संपाच्या काळात हीच निकड वेगळे वळण घेते. १९७४ च्या कायदादुरुस्तीनुसार आरोग्यसंस्थेतील कामगार संघटनेला संपाची सूचना दहा दिवस आधी द्यावी लागते, त्या दहा दिवसांत रुग्णालय बदली परिचारिकांचे विमान आणि हॉटेल ठरवते, आणि त्यांचा करार किमान चार-पाच दिवसांचा असल्याने एक दिवसाच्या संपावरून परतलेल्या कायम परिचारिकांना उरलेले दिवस दाराबाहेर ठेवले जाते. फिरत्या परिचारिकांकडे कायम सहकारी कधी कधी साशंकतेने पाहतात, त्यामागे अशा दिवसांच्या आठवणी असतात.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत या व्यवस्थेची दोन्ही टोके एकाच वेळी उघडी पडली. न्यू यॉर्कच्या गव्हर्नरांनी परराज्यांतील परवानाधारक परिचारिकांना आदेशाद्वारे मुभा दिली, आणि एरवी आठवड्याला दोन हजार डॉलरच्या आत-बाहेर असणारे करार काही ठिकाणी दहा हजारांपर्यंत गेले. परंतु त्याच आठवड्यांत, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबल्याने उत्पन्न आटलेल्या इतर रुग्णालयांनी फिरत्या परिचारिकांचे चालू करार रद्द केले आणि अनेकींना भाड्याच्या खोलीचे पैसे भरून बसलेल्या अवस्थेत घरी परतावे लागले. (त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका पाठवण्याची विनंती केली होती, भारतात अशी हलवाहलव सरकारी पत्रव्यवहाराने झाली, अमेरिकेत ती मुख्यतः बाजारभावाने झाली.) पुढच्या दोन वर्षांत थकलेल्या कायम परिचारिकांनी राजीनामे देऊन एजन्सीची वाट धरली, त्यांच्या रिकाम्या जागा भरायला त्याच एजन्सीच्या परिचारिका आल्या, आणि भाव आणखी चढले. रुग्णालयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार परिचारिकांवरील खर्चातील फिरत्या परिचारिकांचा वाटा २०१९ मध्ये ४.७ टक्के होता, तो जानेवारी २०२२ मध्ये ३८.६ टक्क्यांवर पोहोचला. ही आकडेवारी फिर्यादी पक्षाची आहे हे लक्षात ठेवूनही तिची दिशा नाकारता येत नाही. त्याच जानेवारीत अमेरिकन काँग्रेसच्या सुमारे २०० सदस्यांनी एजन्सींच्या दरांची चौकशी करण्याची मागणी अध्यक्षांच्या कार्यालयाकडे केली. परिचारिकांना या मागणीत आपल्याच पगारावर मर्यादा येण्याची चाहूल लागली आणि त्या संतापल्या, कारण वर्षानुवर्षे तुटपुंज्या मनुष्यबळावर वॉर्ड चालवल्याबद्दल रुग्णालयांची चौकशी कोणी मागितली नव्हती. पिट्सबर्ग येथील यूपीएमसी या रुग्णालयसमूहाने वेगळा मार्ग काढला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ताशी ८५ डॉलर वेतनाची स्वतःचीच फिरती तुकडी जाहीर केली. २०२२ च्या मध्यापासून दर उतरू लागले, आणि करार अर्ध्यावर असताना वेतन कापल्याच्या तक्रारी न्यायालयांपर्यंत गेल्या.

वेतनाचा एक भाग मात्र या चढउतारांहून जुना आहे. फिरत्या परिचारिकेचा करपात्र ताशी दर मुद्दाम कमी ठेवला जातो आणि उरलेली रक्कम निवास व भोजन भत्त्याच्या रूपाने करमुक्त दिली जाते, मात्र त्यासाठी तिचे कायमचे घर दुसरीकडे असले पाहिजे आणि त्या घराचा खर्चही ती सोसत असली पाहिजे. आज हाती जास्त पैसे येतात, पण करपात्र वेतन कमी दिसल्याने पुढे सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन आणि गृहकर्जाची पात्रताही त्या प्रमाणात घटते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की चुकलेल्या पाळ्यांच्या हिशेबाने कापला जाणारा भत्ता हा भत्ता नसून वेतनच होय, आणि जादा कामाचा दर ठरवताना तो धरला पाहिजे. करकायद्याची दुसरी अट मुदतीची आहे : एका ठिकाणचे काम वर्षापेक्षा जास्त चालणार असेल तर ते तात्पुरते मानले जात नाही आणि भत्त्याची करमुक्ती जाते. त्यामुळे वॉर्डात रुळलेली, सर्वांना हवीशी झालेली आणि एकामागून एक मुदतवाढ घेतलेली परिचारिका वर्ष भरत आले की सामान बांधते, आणि रिकाम्या झालेल्या जागेसाठी एजन्सीकडे पुन्हा तेरा आठवड्यांची मागणी नोंदवली जाते.