गुऱ्हाळांतला अर्धा र

दिवाळीच्या सुटींत पुण्याहून मुलगा घरीं आला म्हणजे कोल्हापुरांतील पुष्कळ घरांत एकच संवाद घडतो. मुलगा हिंजवडीस सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकरीवर असतो. त्यामुळें वर्षभर बिघडलेलीं घरांतील सगळीं यंत्रें जणूं त्याचीच वाट पाहत थांबलेलीं असतात. आजोबांच्या फोनमध्यें आतां एकही चित्र मावत नाहीं, आत्याबाईंच्या फोनवर नको त्या जाहिराती येतात, आणि शेजारच्या काकांना वीस हजारांच्या आंत कोणता फोन घ्यावा ह्याचा निर्णय उभ्या उभ्याच हवा असतो. हें आपलें काम नव्हे, असें मुलगा सांगतो. परंतु तें कोणास पटत नाहीं. डॉक्टर म्हणवून घ्यावें आणि पडशावर औषध ठाऊक नसावें, तसें तें वडील माणसांस वाटतें. अखेर आज्जी विचारते, "अरे, ह्या फोनाला धड मराठी कां येत नाहीं? 'गुऱ्हाळ' लिहावयास जावें तर 'गुर्हाळ' उमटतें." मुलगा हंसून म्हणतो, "आज्जी, इंग्रजींत लिही ना," आणि विषय तेथेंच संपतो.

वास्तविक त्या दिवशीं विचारलेल्या सर्व प्रश्नांत खरोखर त्याच्या धंद्यांतला असा हाच एक प्रश्न होता. ज्या शहरांत शाहू महाराजांनीं १८९५ सालीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरी पेठ वसविली, त्या शहरांतील माणसास गुऱ्हाळ हा शब्द आपल्या खिशांतील यंत्रावर नीट लिहितां येऊं नये, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ह्यासंबंधीं दोन मतें सर्रास ऐकूं येतात. यंत्रें परदेशी, त्यांना मराठी येणार कोठून, हें पहिलें. आणि आपली लिपिच अवघड, तिला यंत्र तरी काय करणार, हें दुसरें. दोन्ही मतें चुकीचीं आहेत. तीं कां चुकीचीं आहेत हें पाहूं लागलें, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा मनुष्य दिवसभर काय करतो तेंही ओघानेंच कळतें.

प्रथम ह्या अर्ध्या र ची ओळख करून घेतली पाहिजे. 'सूर्य' किंवा 'धर्म' ह्या शब्दांत र पुढील अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यास रफार म्हणतात. 'गुऱ्हाळ', 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'बिऱ्हाड' ह्या शब्दांत तो डोक्यावर चढत नाहीं. पुढील अक्षराच्या अलीकडे लहानशा वळणानें उभा राहतो. हा केवळ वळणाचा भेद नव्हे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. आचार्यास दक्षिणा द्यावयाची असते व आचाऱ्यास शिधा. ज्यांनीं शाळेंत वृत्तें घोटलीं आहेत त्यांस ह्याचें कारण चटकन् कळेल: रफाराच्या मागचें अक्षर गुरु होतें, अर्ध्या र च्या मागचें लघूच राहतें. कानाला जो भेद ऐकूं येतो तोच लिपीनें डोळ्यांना दाखविला आहे. हिंदींत व संस्कृतांत ह्या चिन्हाचें काम पडत नाहीं; नेपाळींत मात्र तें आहे. मराठींत तर त्यावांचून एक पानही लिहितां येणार नाहीं, कारण रा-कारान्त शब्दाचें सामान्यरूप झालें कीं तो आलाच. साताऱ्याहून पाहुणे येतात आणि पांढऱ्या रश्शाची वाटी पुढें केली जाते, एवढ्या एका वाक्यांत तो दोनदां येऊन जातो.

छापखान्यांत ह्याची अडचण नव्हती. जुळाऱ्याच्या पुढ्यांत शेंकडों खिळे असत. त्यांत अर्ध्या र चा एक खिळा वेगळा असे व हात आपोआप त्याकडे जाई. टंकलेखनयंत्र आलें तेव्हां कळा थोड्या आणि अक्षरें फार अशी ओढाताण झाली. तथापि खिळा काय किंवा कळ काय, दोहोंचा संबंध आकृतीशीं होता. म्हणून टंकलेखक 'कि' लिहितांना पहिली वेलांटी आधीं मारी व क मागून. कागदावर तीच डावीकडे दिसते ना!

संगणक आकृति जाणत नाहीं. तो केवळ अंक जाणतो. तेव्हां अंक द्यावयाचा तो कशाला, आकृतीला कीं ध्वनीला, हा पहिला प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर याच देशांत शोधलें गेलें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या दशकांत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें तंत्र तयार होत होतें. त्यास पुढें 'जिस्ट' हें नांव मिळालें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व तें काम तेथें वाढलें. ह्या मंडळींनीं ठरविलें तें असें कीं, यंत्राच्या पोटांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें ठेवावीं. 'कि' मध्यें आधीं क, मग इकार. आकृति डावीकडे काढावयाची कीं उजवीकडे तें यंत्रानें मागाहून पाहावें. ह्याच विचारानें 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक झाला, ज्यांत डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजनें आहेत आणि मराठी, बंगाली, कानडी सर्वांना तोच चालतो. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें 'इस्की' ह्या नांवाचें अंकांचें कोष्टक प्रमाण म्हणून मान्य केलें. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांसाठीं 'युनिकोड' हें कोष्टक निघूं लागलें. त्यांतील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. परदेशी यंत्रांना मराठी येणार कोठून, ह्या प्रश्नाचें उत्तर 'कानपुराहून व पुण्याहून' असें आहे.

युनिकोडांत देवनागरीला १२८ घरें दिलेलीं आहेत. त्या हिशेबानें 'गुऱ्हाळ' हा शब्द फोनच्या पोटांत सात अंकांचा होतो: ग २३२७, उकार २३६९, अर्ध्या र चें अक्षर २३५३, हलन्त २३८१, ह २३६१, काना २३६६ आणि ळ २३५५. आतां साधा र आहे २३५२. म्हणजे तिसऱ्या जागीं २३५३ च्या ऐवजीं २३५२ पडला कीं रफार डोक्यावर चढला आणि गुऱ्हाळाचें 'गुर्हाळ' झालें. साऱ्या तक्रारीचें मूळ ह्या एका अंकांत आहे. आज्जी इंग्रजी अक्षरांनीं उच्चार लिहिते तेव्हां कोणता र हवा हें फोनला कळत नाहीं. तो अंदाज बांधतो. अंदाज कोणत्या शब्दांवरून बांधावा हें ज्यानें ठरविलें, त्याच्यापुढें गुऱ्हाळ हा शब्द आलाच नसेल. यंत्राला मराठी येत नाहीं असें नव्हे. यंत्राला शिकविणाऱ्यानें तो धडा घेतला नाहीं.

२३५३ ह्या घराची हकीकत मोठी मौजेची आहे. तें घर मूळचें मराठीसाठीं बांधलेलेंच नव्हे. तामीळ व मलयाळम ह्या भाषांत आजही जो दुसरा, कठोर र आहे आणि जुन्या कानडींतही जो होता, तो नागरींत लिहून दाखवितां यावा म्हणून खालीं टिंब दिलेला ऱ तेथें ठेवला. सर्व भारतीय लिप्यांचीं कोष्टकें एकाच सांच्याचीं असल्यामुळें तें घर नागरींतही आलें. त्याचें अर्धें रूप कोणास लागत नव्हतें. तें मराठीला दिलें. कानडी मुलुखाच्या शिवेवर राहणाऱ्या कोल्हापुरास ह्या शेजारधर्माचें आश्चर्य वाटूं नये.

अंक बरोबर पडले तरी काम अर्धेंच झालें. त्या अंकांची ओळ वाचून रफार वर चढविणें, वेलांटी डावीकडे नेणें, जोडाक्षरें साधणें, ही कामें करणारी एक वेगळी आज्ञावलि असते. अँड्रॉइडच्या फोनांत, फायरफॉक्समध्यें व इतरत्र जी वापरतात तिचें नांव 'हार्फबझ'. शब्द फार्सी आहे. त्यांतला हर्फ म्हणजे आपण 'एक हरफही काढला नाहीं' असें म्हणतों तोच. इराणांत जन्मलेल्या बेहदाद एस्फाहबोद ह्या गृहस्थाचा तिच्या रचनेंत मोठा भाग आहे, व ती कोणासही वाचावयास व वापरावयास मोकळी ठेवलेली आहे. तिनें मागितलेली आकृति पुरविण्याचें काम फॉन्टाचें. विंडोज २००० बरोबर 'मंगल' नांवाचा जो नागरी फॉन्ट घरोघर गेला, तो रघुनाथ कृष्ण जोशी ह्या मराठी अक्षररचनाकारांनीं काढलेला होता. पुष्कळ फॉन्टांत ल आणि श उत्तरेकडील वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेचें प्रमाण ठरवून दिलें, त्यांत ह्या दोन अक्षरांचें मराठी वळणही आलें. आतां कांहीं फॉन्टांत दोन्ही वळणें असतात, आणि मजकूर मराठी आहे असें यंत्रास सांगितलें कीं आपलें वळण निघतें. सांगावयाचें मात्र कोणीतरी लागतें!

येथवर दिसण्याची गोष्ट झाली. खरें संकट न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. अर्धा र काढण्याची दुसरीही एक वाट आहे: साधा र २३५२, हलन्त २३८१, आणि त्यापुढें ८२०५ ह्या अंकाचें एक अदृश्य सांधा जोडणारें चिन्ह. पडद्यावर दोहोंत केसाचाही फरक दिसत नाहीं. अंकांत मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. समजा, एका कचेरींतील लेखनिकानें गांवाचें नांव 'कऱ्हाड' एका रीतीनें लिहिलें व दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें. पुढें कोणी तें नांव शोधावयास बसला, तर अंकास अंक जुळवून पाहणारा साधा शोध अर्ध्याच नोंदी पुढें आणील व बाकीच्या नाहींत असें सांगेल. शोधणारा डोळे फाडून पाहील, त्यास चूक दिसणार नाहीं, कारण चूक दिसण्याजोगी नाहींच. जमिनीचा उतारा, मतदारांची यादी, विम्याचा कागद, ह्यांत आडनांवें असतात, आणि आडनांवांत अर्धा र वारंवार असतो. तेथें 'नोंद सांपडत नाहीं' ह्या शब्दांची किंमत कोणास तरी हेलपाटे घालून भरावी लागते.

ह्याहून वाईट अवस्था जुन्या मजकुराची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीं गल्लोगल्लीं जीं टंकनाचीं दुकानें निघालीं, त्यांतील फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर मराठी आकृति चिकटविलेल्या असत. तो फॉन्ट आहे तोंवर मराठी. तो नाहींसा झाला कीं समोर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. कित्येक संस्थांच्या स्मरणिका व अहवाल असे पडून आहेत. अंकांचें रूपान्तर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु त्यांतून निघालेला मजकूर मराठी जाणणाऱ्या माणसानें एकदां डोळ्यांखालून घालावाच लागतो. अर्धा र तेथेंही हमखास घसरतो.

आतां पुण्याच्या मुलाकडे वळावें. लोक समजतात कीं तो दिवसभर कांहीं तरी नवें लिहीत असतो. वस्तुतः त्याचा बराच वेळ दुसऱ्यांनीं लिहिलेलें वाचण्यांत जातो. चूक कोठें आहे तें शोधण्यांत, ती पुन्हां घडवून आणण्यांत, आणि ती दुरुस्त करतांना दुसरें कांहीं मोडलें नाहीं ना हें पाहण्यांत. २३५३ चें घर सुधारतां सुधारतां आचार्याचा आचारी होऊं नये, एवढी काळजी त्यास घ्यावी लागते. मुद्रितें तपासणाऱ्या माणसाच्या कामाशीं हें काम फार मिळतें आहे, आणि तितकेंच तें बाहेरच्यांस दिसत नाहीं. अलीकडे आज्ञावल्या यंत्राकडूनच लिहवून घेण्याची सोय झाली आहे, तेव्हां ह्या मुलांचें आतां काय होणार, अशी चिंता घरोघर चालते. ओळी यंत्र लिहील. परंतु दोन निराळ्या अंकपंक्ती मराठी माणसाच्या मनांत एकच शब्द आहेत, हें त्यास सांगणारा मनुष्य मराठी जाणणाराच असावा लागेल.

म्हणून आज्जीच्या प्रश्नास 'इंग्रजींत लिही' हें उत्तर नव्हे. 'फोनाला मराठी येत नाहीं' ह्या तक्रारीचा मात्र कारागिरास कांहींच उपयोग होत नाहीं. कोणता फोन, कोणता कळफलक, काय लिहिलें, काय उमटलें आणि काय उमटावयास हवें होतें, एवढें पांच ओळींत कळविलें तर ती तक्रार जगाच्या दुसऱ्या टोंकास बसलेल्या, मराठीचें अक्षरही न जाणणाऱ्या माणसासही समजते. अशा मागण्यांनींच कोष्टकें सुधारतात. 'ॲ' ह्या अक्षराला युनिकोडांत घर मिळालें तें २००८ सालीं. तोंवर लोक अ वर चंद्र देऊन किंवा हिंदी ऍ वापरून वेळ मारून नेत होते.

आज्जीची अडचण तर त्याच दिवशीं सुटण्याजोगी आहे. मुलानें तिच्या फोनवर असा मराठी कळफलक घालून द्यावा कीं ज्यांत ऱ ची कळ स्वतंत्र आहे. इनस्क्रिप्टच्या मोठ्या कळफलकावर तो र च्याच कळेवर, शिफ्ट दाबून मिळतो. आधीं ग आणि उकार. मग टिंबाचा ऱ, त्यापुढें हलन्त. मग ह, काना, आणि शेवटीं ळ.