भीतीचे गुण आणि वेडाचे फासे : भयखेळांकडे पाहताना

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत भयकथांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात पात्राच्या भीतीला व वेडालाही नियम असतात. पालकांनी घाबरून बंदी घालण्यापूर्वी हे नियम समजून घेणे हिताचे ठरेल.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘कॉल ऑफ कथुल्हू’. सँडी पीटरसन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील केऑसियम या संस्थेने १९८१ साली प्रसिद्ध केला. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या लेखकाच्या कथांवर तो आधारलेला आहे.

खेळातील प्रत्येक पात्राला मानसिक संतुलनाचे काही गुण असतात. भयंकर दृश्य समोर येताच खेळाडू १ ते १०० पर्यंतची संख्या देणारे फासे टाकतो. संख्या आपल्या गुणांइतकी किंवा त्याहून कमी आली, तर हानी अल्प, अन्यथा अधिक. एकाच प्रसंगी पाच वा अधिक गुण गेले, तर बुद्धीची कसोटी होते. येथे विपरीत असे, की जे पाहिले त्याचा अर्थ ज्याला उमगतो त्यालाच तात्पुरते वेड लागते. न उमगणारा बचावतो. गुण शून्यावर आले, की ते पात्र खेळाडूच्या हातून कायमचे जाते. शिवाय, गूढ ज्ञान जितके वाढेल, तितकी संतुलनाची कमाल मर्यादा खाली येते.

या नियमांमागे एक जीवनदृष्टी आहे. लव्हक्राफ्ट नास्तिक होते. त्यांच्या कथांतील विश्वाला मानवाची पर्वा नाही. म्हणून तेथे सत्य कळणे म्हणजे उद्ध्वस्त होणे. आपली श्रद्धा याच्या नेमकी उलट सांगते : विश्वाच्या मुळाशी प्रेमळ पिता आहे आणि सत्य माणसाला मुक्त करते. हा फरक मुलांशी मोकळेपणाने बोलावा.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. फाशाने ठरणारे वेड हसण्याचा विषय होऊ शकते. लव्हक्राफ्ट यांचे वडील १८९८ साली व आई १९२१ साली, दोघेही प्रॉव्हिडन्स येथील मनोरुग्णालयात मरण पावले. त्या घराला ते वेड हा खेळ नव्हता. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांनाही तो नाही. भीतीमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद १७३५) सांगतो. म्हणजेच, भयग्रस्ताचा न्याय करण्याची घाई नको.

या खेळांत बोध घेण्याजोगेही काही आहे. ‘कॉल ऑफ कथुल्हू’च्या २०१४ सालच्या सातव्या आवृत्तीत पात्र आपल्या जिवलग माणसाच्या वा प्रिय स्थानाच्या सान्निध्यात गेलेले गुण परत मिळवू शकते. ‘डेल्टा ग्रीन’ या २०१६ सालच्या खेळात मनावरील आघात आप्तांवर ढकलता येतो. परंतु त्या नात्याची ताकद तितकीच घटते. घरोघरी घडणारे हे सत्य आहे.

खरे मन मात्र गुणांनी मोजता येत नाही. आपल्या परिचयात कोणी सतत भयग्रस्त वा खिन्न असेल, तर प्रार्थनेबरोबर वैद्यकीय उपचारही घ्यावेत; ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला आणि आपल्या शिष्यांनी जागे राहून सोबत करावी, असे त्याला वाटले. तशी सोबत भयग्रस्तांना देणे, हे आपले कर्तव्य आहे.